आकडा तोच, शिव्या मलाच

मित्रांनो, आधीच सांगते, माझं डोकं ठिकाणावर आहे. मी एक जुनी व्हील बॅलन्सिंगची मशीन आहे. नाशिकला द्वारका चौकाजवळ रहेमानभाईंच्या टायरच्या दुकानात उभी असते. चाक माझ्या दांड्यावर चढवायचं, झाकण पाडायचं. मी ते गरगर फिरवते आणि कुठल्या बाजूला किती ग्रॅम कमी आहे, ते लाल आकड्यांत सांगते. तेवढ्या वजनाची शिशाची पट्टी आतून चिकटवली, की चाक न थरथरता पळतं. मला एवढंच येतं, पण जे येतं ते चोख येतं.

पुण्याकडच्या एका कारखान्यात माझे नटबोल्ट आवळले गेले. इथे आले तेव्हा काय माझा थाट! मालेगावचे शाहनवाजशेठ वाटेतली सगळी दुकानं टाकून माझ्याकडे यायचे. "रहेमान, तुझी मशीन म्हणजे सोनाराचा काटा," असं म्हणायचे. मी फुशारून जायचे. पुढे शेजारच्या दुकानांत टीव्हीसारख्या पडद्याच्या मशीन आल्या आणि माझ्या डोक्यावर महेश मेकॅनिकचं हेल्मेट नि चहाचे ग्लास आले.

अशात आले निवृत्तीकाका. नावाप्रमाणे बँकेतून निवृत्त, पण तोंड अजून ड्युटीवर! त्यांनी नवे टायर टाकले आणि जुन्या, झाकणवाल्या चाकांच्या जागी चकचकीत अलॉय चाकंही घेतली. मी आकडा दिला, पंचेचाळीस. महेशने पट्टी चिकटवली. काका खुशीत गेले.

आठवड्यात परत आले ते तणतणतच. "ओझरच्या पुढे ऐंशी गाठली की स्टेअरिंग लटलट कापतंय! कसलं बॅलन्सिंग केलंत?"

महेशने चाक चढवलं. मी फिरवलं. पंचेचाळीस! म्हणजे मी लावायला सांगितलेलं वजन गेलं कुठे? अरे महेश, आत डोकावून बघ की रे! पण त्याच्या कानात गाणी चालू. त्याने न बघताच नवी पट्टी चिकटवली.

काका तिसऱ्यांदा आले. मी पुन्हा जीव तोडून सांगितलं, पंचेचाळीस! तर महेश काय म्हणावा? "भाई, ही भ्रमिष्ट झालीय. एकच आकडा धरून बसलीय." काकांनी तिथेच मोबाइल काढला आणि इंटरनेटवर दुकानाला पाचपैकी एकच तारा देऊन टाकला. झालं! रहेमानभाईंचा चेहरा पडला आणि त्यांनी भंगारवाल्याला फोन लावला.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चूक कुणाची आणि बळी कुणाचा? पण मला आकड्यांपलीकडे बोलता येत नाही ना!

दोन दिवसांनी टेम्पो दारात लागला. भंगारवाला दोर घेऊन आत आला. महेशने माझा प्लग उपसला, दोर माझ्या कमरेला आवळला गेला. तेवढ्यात काका चौथ्यांदा हजर, सोबत त्यांच्या सौ. सुलाबाई. रहेमानभाई हात जोडून म्हणाले, "काका, बघा, मशीनच काढून टाकतोय. आता तरी तो तारा वाढवा."

महेश जागा रिकामी करत होता. त्याने पट्ट्यांचा डबा स्टुलावर ठेवला आणि सुलाबाई त्यात डोकावल्या.

"अगं बाई! अहो, हे तर तेच! तुम्ही गाडी धुताना स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढता ते!"

"तो कचरा गं," काका म्हणाले. "एवढ्या सुंदर चाकाला ही ठिगळं कशाला?"

"मी ती पडद्याच्या काठात शिवली. आता पडदा वाऱ्याने उडत नाही," सुलाबाई कौतुकाने म्हणाल्या.

रहेमानभाईंनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! काका, डॉक्टरने दिलेली गोळी फेकून देता आणि वर डॉक्टरलाच शिव्या?"

काका ओशाळले, पण हार मानतील तर शपथ. "मग आधी सांगायचं नाही का?"

सांगायचं नाही का! ऐकलंत, मित्रांनो?

भंगारवाल्याने कुरकुरत दोर सोडला. महेशने प्लग लावला, काकांचं चाक चढवलं आणि पहिल्यांदाच आकडा मोठ्याने वाचला, "पंचेचाळीस." मग त्याने वाकून चाकाच्या आत बघितलं. पट्टीची जागा रिकामी होती, नुसता डिंक उरला होता. त्याने पट्टी लावून चाक पुन्हा फिरवलं, तेव्हा मी शून्य दाखवलं. मला सॉरी मात्र कुणी म्हटलं नाही.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. घरातलं म्हातारं माणूस असो की दुकानातली जुनी मशीन, पुन्हा पुन्हा तेच सांगू लागली की भ्रमिष्ट म्हणून मोकळे होऊ नका. एकदा वाकून बघा. बहुतेक वेळा काहीतरी खरंच निखळलेलं असतं.