झावळ्यांचं कुंपण

तोआकाईच्या बेटावरच्या गावात दुसऱ्याच्या बाबाईच्या, म्हणजे दलदलीतल्या मोठ्या अळूच्या, खड्ड्यात डोकवायचं नसतं. कंद कसा पोसायचा, कुठला पाला कधी घालायचा, हे ज्याच्या त्याच्या घराण्याचं गुपित. म्हणून खड्ड्याभोवती नारळाच्या झावळ्यांचं उंच कुंपण. लग्नात ज्याचा कंद सगळ्यांत मोठा, त्याची मान वर्षभर ताठ. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तोआकाईची मूठ मात्र रिकामी होती. मागच्या मोठ्या भरतीत समुद्र जमिनीखालून खड्ड्यात शिरला आणि दहा वर्षं जपलेले कंद कुजले. मुलीचं, तेब्वेराचं लग्न सहा दिवसांवर आलेलं. बापाच्या कंदाशिवाय सासरी गेलेल्या पोरीला जन्मभर टोमणे खावे लागतात. चुलतभाऊ काबुरोरो रोज विचारायचा, कंद एकट्याला उचलेल ना? तोआकाई हसून म्हणायचा, नाही रे, तुलाच बोलावणार आहे. असं बोलून झालं की त्याला स्वतःचीच किळस यायची.

रविवारी गाव प्रार्थनेला गेलं. पोट दुखतंय म्हणून तोआकाई मागे राहिला आणि पहार घेऊन काबुरोरोच्या कुंपणात शिरला. उभ्या आयुष्यात त्याने कधी चोरी केली नव्हती. एकच घेऊ, तोही पोरीसाठी, असं तो मनाला समजावत होता.

आत पानं पिवळी पडलेली. तरी त्याने खणलं. कंद हातात आला तो नासका. पाणी चाखलं तर खारट. आधी त्याला बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. मग ध्यानात आलं, समुद्र एकट्या त्याच्याच खड्ड्यात शिरला नव्हता.

तो घाईने घरी परतला, तर त्याच्याच खड्ड्यात काबुरोरो गुडघाभर चिखलात उभा, हातात पहार. त्याचंही पोट दुखत असावं.

"लग्नात चुलत्यानेही कंद द्यायचा असतो," काबुरोरो मान खाली घालून म्हणाला. "म्हटलं, तुझ्याकडे एवढे आहेत. तुझाच घेऊन तुझ्याच पोरीला देईन."

"मी तुझ्याकडूनच येतोय."

काबुरोरोने त्याच्या चिखलाने माखलेल्या हातांकडे पाहिलं आणि तो मटकन खाली बसला.

प्रार्थना सुटली. माणसं वाटेने येऊ लागली, पुढे तेब्वेरा. तिला पाहून तोआकाई कुंपणापाशी गेला. त्याने कुंपणाची एक झावळी उपटली, मग दुसरी.

"बघा," तो म्हणाला.

सगळे थांबले, वाकून बघत राहिले. कुणी हसलं नाही, कुणी नावं ठेवली नाहीत. मग एकेक जण आपापल्या खड्ड्याकडे गेला, आणि थोड्या वेळाने गावभर झावळ्या उपटल्याचा आवाज यायला लागला.