वाचनालयातली घोडी आणि बाईंचे गुडघे

मी एक जुनी घोडी आहे. मित्रांनो, खिंकाळण्याची वाट पाहू नका. मी लाकडाची आहे, पाच पायऱ्यांची, पाय फाकून उभी राहणारी. उंचावरचे काही काढायचे असले की माणसे माझ्यावर चढतात.

मला घडवणारा सुतार अबोल होता. शेवटचा स्क्रू पिळून झाल्यावर तो स्वतःच सगळ्यात वरच्या पायरीवर चढला आणि तिथे त्याने दोनदा पाय आपटले. मी जराही डगमगले नाही. तेव्हा तो एवढेच म्हणाला, "जा, आता माणसं सांभाळ."

मी एका वाचनालयात आले. लांबट खोली आणि छताला टेकलेली कपाटे. आधी शिपाईमामा माझ्यावर चढत. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलेच नाही. मग ग्रंथपाल बाई चष्मा कपाळावर सारून स्वतः चढू लागल्या. वाचक पुस्तकाचे नाव अर्धवट सांगत, कुणी तर नुसता कव्हराचा रंग सांगे. बाई झरझर चढून नेमके तेच पुस्तक काढून देत. "बाई या घोडीवरून सगळं वाचनालय हाकतात," असे लोक कौतुकाने म्हणत. त्यात माझेही कौतुक आहे असे मी धरून चालत असे.

पायाचे दुखणे सगळ्यात आधी पायरीला कळते. पूर्वी बाईंचे एकेक पाऊल एकेका पायरीवर पडायचे. मग त्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवून थांबू लागल्या. मग कपाटाची कड धरू लागल्या. पुढे पुढे चढण्याआधीच त्यांचा सुस्कारा ऐकू यायचा.

बाई धाकट्या बहिणीबरोबर राहत. एकदा विसरलेला डबा द्यायला बहीण आली आणि तिने पाहिले.

"ताई, गुडघा केवढा सुजलाय! डॉक्टरांकडे चल बरं."

"हळू बोल," बाई म्हणाल्या. "मला चढता येत नाही असं कमिटीला कळलं, तर म्हणतील आता घरी बसा. घरी बसून काय करू? भिंती मोजू?"

बहिणीने हात टेकले. बाईंनी मात्र दुसरीच वाट शोधली. वरच्या फळीवरचे पुस्तक कुणी मागितले की त्या म्हणत, "ते बाहेर गेलंय." मी कोपऱ्यात घडी होऊन पडले. माझ्या पायऱ्यांवर ओल्या छत्र्या लटकू लागल्या.

दर गुरुवारी घड्याळवाले काका येत. सगळी हयात घड्याळे दुरुस्त करण्यात गेलेला हा म्हातारा माणूस. समुद्रप्रवासाच्या एका जाडजूड ग्रंथाचे दोन भाग त्यांनी वाचले होते, आणि तिसरा भाग नेमका सर्वांत वरच्या फळीवर होता.

"आला का तिसरा भाग?"

"नाही हो काका, अजून बाहेरच आहे."

असे सात गुरुवार गेले. ते काठी टेकत परत जात आणि बाई रजिस्टरात डोके खुपसून बसत. खोटे बोलायची सवय नसलेल्या माणसाला खोटे फार जड जाते.

आठव्या गुरुवारी भर दुपारी वाचनालयात चिटपाखरू नव्हते. बाईंनी मला ओढत कपाटापाशी आणले. दात-ओठ खाऊन त्या चौथ्या पायरीवर पोहोचल्या आणि पुस्तक हाती आले. उतरायला गेल्या तर उजवा गुडघा वाकेना की सरळ होईना. पाय थरथरू लागला. ती थरथर माझ्या पायांपर्यंत उतरली. पाव तास त्या पुस्तक छातीशी धरून तशाच उभ्या होत्या. हाक मारायची तर कुणाला?

तेवढ्यात काठीचा आवाज आला.

"बाई, वर काय करताय?"

"काका, मला उतरता येत नाहीये."

काकांनी काठी टेबलाला टेकवली आणि मला दोन्ही हातांनी घट्ट धरले. "आधी ते पुस्तक द्या माझ्याकडे. हात मोकळे ठेवा." पुस्तक हातात येताच त्यांनी नाव वाचले. मग ते बाजूला ठेवले.

"दुखरा पाय कुठला?"

"उजवा."

"मग तो आधी खाली. चढताना चांगला पाय पुढे, उतरताना दुखरा. भार हातांवर आणि डाव्या पायावर. घाई नाही. मी धरलंय."

एकेक पायरी करत बाई खाली आल्या आणि खुर्चीत कोसळल्या. माझाही जीव भांड्यात पडला.

"तुम्हाला हे कसं ठाऊक?" बाईंनी विचारले.

काकांनी पँट जराशी वर केली. दोन्ही गुडघ्यांना पट्टे होते. "संधिवात. अकरा वर्षं झाली. तरुणपणी गुडघ्याला बाशिंग बांधून फिरायचो, आता पट्टे बांधून फिरतो."

बाई हसल्या नाहीत. वाचनालयाच्या दाराशी चौदा पायऱ्या आहेत, आणि काका त्या सात गुरुवार उगाच चढले-उतरले होते.

"काका, पुस्तक बाहेर गेलंच नव्हतं. सात वेळा मी तुम्हाला उगाच..."

काकांनी तिसरा भाग उचलून काखेत धरला. "राग तर आलाय," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत, तर दोघांनी मिळून काढलं असतं. दुखणं लपवलं ना बाई, की ते दुसऱ्याच्याही पायात जातं."

दुसऱ्या दिवशी बाई बहिणीला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. सांध्याची झीज झाली आहे, ती भरून येणार नाही, पण मांडीचे स्नायू बळकट झाले तर गुडघ्याचा भार हलका होईल, असे सांगून डॉक्टरांनी व्यायाम शिकवला. बाई रोज खुर्चीत बसून पाय सरळ करायच्या आणि दहा आकडे मोजायच्या. दोनदा कंटाळून व्यायाम सोडला आणि दोनदा पुन्हा धरला. कमिटीला त्यांनी स्वतःच सगळे सांगितले. तेव्हा एक सभासद म्हणाले, "अहो, मग मागणीची पुस्तकं वर ठेवताच कशाला?" इतका साधा प्रश्न इतकी वर्षे कुणालाच पडला नव्हता! दोन रविवार खपून वाचकांनी ती पुस्तके कमरेच्या उंचीवर आणली. दाराशी कठडाही बसला. आता वरचे पुस्तक हवे असेल तर धडधाकट वाचक चढतो आणि बाई मला धरून उभ्या राहतात.

गुडघे काही नवे झाले नाहीत. थंडीच्या सकाळी बाईंचा चेहरा अजून पिळवटतो. पण त्या दिवशी त्या सरळ सांगतात, "आज मी बसूनच काम करणार."

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी जिन्यात मध्येच थांबून उगाच खिडकीबाहेर पाहत असेल. "चल ना लवकर" असे म्हणू नका. दोन पायऱ्या खाली उतरा, शेजारी उभे राहा आणि विचारा, "कुठला पाय दुखतोय?"