कुठला परवा?

गुरुवारी सकाळी साडेदहाला माझ्या प्रोग्रामनं अख्खं पॅकहाउस बंद पाडलं आणि मला त्याचा अभिमान वाटला. हे आधीच सांगून टाकते. पुढं जे झालं त्यात मी फार साळसूद होते, असा कुणाचा गैरसमज नको.

मी प्रगती, निरवांगीची. बारामती एमआयडीसीत पेरू निवडून, भरून बाहेर पाठवणारं एक पॅकहाउस आहे, तिथलं सॉफ्टवेअरचं सगळं काम मी एकटी बघते. आमचं एक ॲप आहे. शेतकऱ्यानं बागेत उभं राहून फोनमध्ये नुसतं बोलायचं, 'आज अमुक औषध मारलं.' ॲप ते लिहून घेतं, दिवस मोजतं आणि फळावरचं औषध उतरायचे सात दिवस उलटून गेले की 'तोडा' म्हणून हिरवी खूण दाखवतं. टाइप करायची कटकट नाही, वहीची भानगड नाही. महिनाभर जो तो ॲपचं कौतुक करत होता, आणि मीही ते कान टवकारून ऐकत होते.

सोमवारी मी कुणाला न विचारता त्यात एक ओळ घातली. आमच्या धंद्यात तिला ॲसर्शन म्हणतात. म्हणजे प्रोग्राम चालता चालता स्वतःलाच दरडावतो: इथवर आलोय तर अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे; नसेल तर माझंच डोकं फिरलंय, मी थांबतो. माझी ओळ अगदी बाळबोध होती. मारून झालेल्या औषधाची तारीख आजच्या पुढची असता कामा नये. आता उद्या मारलेलं औषध जगात कुठं असतं?

तर ते गुरुवारी सापडलं. गेटवर क्रेट स्कॅन करणारा गोकुळ धापा टाकत जिना चढून आला.

"मॅडम, मशीन कायतरी वाकडं बोलतंय."

खाली जाऊन पाहिलं. पडद्यावर मीच लिहून ठेवलेलं वाक्य होतं: 'आज गुरुवार. औषध शनिवारी मारलं म्हणे. मी पुढं जात नाही.' पट्टा थांबला होता. निवडणाऱ्या बायका हातमोजे काढून चहाला निघाल्या होत्या. वाक्याखाली शेतकऱ्याचं नाव होतं: महिपती, निरवांगी.

महिपती म्हणजे माझे वडील, आबा.

तेवढ्यात ऋषिराज सर आले. पॅकहाउस त्यांचं. माणूस वाईट नाही, पण थांबलेला पट्टा दिसला की त्यांना स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही.

"प्रगती, हे काय लावलंय? दोनला गाडी निघायचीय."

"तारीख चुकलीय, सर."

"मग तो लॉट बाजूला काढ आणि पट्टा चालू कर."

"चूक लॉटची असती तर काढला असता. ही प्रोग्रामची चूक आहे. ती कुठं आहे ते कळल्याशिवाय बाकीच्या लॉटांवर तरी भरवसा कसा ठेवू?"

"हे बघ, असल्या अटी टेस्टिंगला ठीक असतात. चालू कामात काढून टाकायच्या. सगळेच काढतात."

"म्हणजे विहीर कोरडी आहे तोवर कठडा ठेवायचा आणि पाणी लागलं की पाडायचा, असंच ना?"

गोकुळनं मान खाली घातली. हसू दाबत होता मेला. सर मात्र हसले नाहीत.

"अर्धा तास देतो. तेवढ्यात ती ओळ काढ. नाहीतर मी दुसऱ्या कुणाकडून काढून घेईन, मग तुझं इथं काय काम उरतं ते बघू."

मी बाजूला जाऊन आबांना फोन लावला.

"आबा, पेरूवर औषध कवा मारलं?"

"परवा. आज पहाटंच ॲपात बोललोय की. का गं?"

"परवा म्हंजी मंगळवारी?"

"मग काय शनिवारी? शनिवार यायचाय अजून."

मी तिथंच एका उलट्या क्रेटवर बसले.

कालच्या आदल्या दिवशीही परवाच आणि उद्याच्या पुढच्या दिवशीही परवाच. हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. ॲपमधला तो भाग लिहिला तेव्हा माझ्या चुलतबहिणीचं, सोनलचं लग्न होतं. घरात दिवसभर एकच घोष चाललेला: परवा हळद, परवा निघायचं, परवा अमक्याला आणायला जायचं. सगळ्यांचा परवा पुढचाच होता. त्या नादात मी लिहून मोकळी झाले, परवा म्हणजे आज अधिक दोन. पुढं ठरवलेल्या फवारण्या बोलून तपासलंही आणि सगळं बरोबर आलं. जन्मभर जो शब्द दोन्हीकडं वापरला, तो प्रोग्राममध्ये एका बाजूनं बुजवून टाकला.

म्हणून मंगळवारी मारलेलं औषध ॲपनं शनिवारच्या नावावर लिहिलं. आजच्या आधीचं शेवटचं औषध त्याला तीन आठवड्यांपूर्वीचं सापडलं आणि त्यानं खुशाल हिरवी खूण दाखवली.

"आबा, दोनच दिवस झालेत. तुमी तोडलं कसं?"

"तुझ्या ॲपानंच तोडा म्हनलं. म्या थबकलो हुतो जरा. मग म्हनलं, प्रगतीनं केलंय, तिला आपल्यापरास जास्त कळतं."

एरवी आबा कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. एकदा ऐकलं, तेही माझं. मला इतकी लाज वाटली की फोन ठेवते एवढंसुद्धा सांगायचं सुचलं नाही.

जुन्या नोंदी उघडल्या. 'परवा' आणि 'मारलं' हे दोन शब्द ज्या ज्या नोंदीत एकत्र होते, त्या शोधल्या. महिनाभरात सात दिवस पुरे व्हायच्या आत तोडलेले असे अकरा लॉट निघाले. ते कधीच बाहेर गेले होते. सोमवारच्या आधी त्यांना अडवणारी ओळच नव्हती.

मी सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. अकरा हा आकडाही सांगितला. त्यांनी दार लावून घेतलं.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"तुम्हाला आणि मला."

"मग झालं तर. परवाचं काय ते नीट कर, ती ओळ काढ आणि हा माल भरू दे. अगं वेडे, चूक तुझी, माल तुझ्या वडिलांचा. मी तुला वाचवतोय, कळतंय का?"

खोटं कशाला बोलू, क्षणभर मन डळमळलं. एक ओळ पुसायची, बस्स. आबांचे चाळीस क्रेट सुटतील, माझी चूक कुणाला दिसणार नाही, नोकरीही राहील. पण ती ओळ मी नेमकी याच दिवसासाठी लिहिली होती. चूक दुसऱ्याची असली तर ओरडायचं आणि माझी निघाली की गप्प बसायचं, असली ओळ काय चाटायचीय?

मी खाली गेले, आबांच्या क्रेटमधला एक पेरू उचलला आणि आणून सरांच्या टेबलावर ठेवला. चांगला गोल, पोपटी, देखणा पेरू.

"हा घरी न्या. छकुलीला द्या."

छकुली त्यांची चार वर्षांची लेक. दर शनिवारी येते आणि क्रेटमधून हाताला लागेल तो पेरू घेऊन पळते.

"धुतलं की जातं गं ते."

"छकुली धुते?"

सरांनी पेरू घेण्यासाठी हात पुढं केला आणि तो टेबलावर मध्येच थांबला.

"थांबला ना हात?" मी म्हणाले. "माझी ओळ एवढंच करते. ती मी काढणार नाही. मला काढायचं असेल तर काढा. पण ते लॉट ज्यांच्याकडं गेले त्या अकरा जणांना मी आत्ता कळवणार आहे, माझ्या नावानं, चूक माझी होती असं लिहून."

ते पेरूकडं बघत बसले. मी त्यांच्या समोरच्याच खुर्चीत बसून अकराही निरोप पाठवले. सहावा गेला तेव्हा त्यांनी फोन उचलला आणि दोनची गाडी रद्द केली. तरी म्हणाले, "तुझं काय करायचं ते उद्या बघू." मी म्हटलं, बघा.

बाराच्या सुमारास आबा मोटरसायकलवरून आले. सगळं ऐकून घेतलं. स्वतःच्या क्रेटांवरून हात फिरवत एक चक्कर मारली. मला वाटलं, आता चारचौघांत माझी शोभा होणार. झाली असती तरी मी ऐकून घेतलं असतं.

"म्हंजी चूक तुझी आनि माल माझा."

"व्हय."

"आनि गेल्या मालाचं?"

"सगळ्यांना कळवलं. माझ्या नावानं."

आबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मग आता ते यंत्र काय करनार?"

"इचारनार. परवा म्हनलं की इचारनार, झालेला का येनारा. आनि तरी काय चुकलंच तर थांबनार. ती ओळ तितंच हाय."

"ऱ्हाऊ दे तितंच." ते गोकुळकडं वळले. "चल रं, हात लाव. खड्ड्यात घालू सगळं, गुराढोरांच्या तोंडी नगं लागाया."

चाळीस क्रेट ज्या पिकअपमधून आले होते त्यातच परत चढले. शेवटचे दोन मी चढवले. आबांनी मोटरसायकलला किक मारली आणि म्हणाले, "झाडावर हाय अजून. मंगळवारनंतर तोडून आनतो."

मग गाडी तशीच चालू ठेवून त्यांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं.

"येनाऱ्या," ते म्हणाले. "लिवून घे."