उकड्या तांदळाची पुरचुंडी

"हे काय आहे?"

आरोग्य खात्याच्या साहेबांनी सुया उकळायच्या भांड्यातून चिमट्याने एक ओली पुरचुंडी वर काढली. पांढरा दोरा, मलमलीचं फडकं आणि आत चार-सहा दाणे. पाणी टपटप साहेबांच्या बुटावर पडलं.

"तांदूळ हाय साहेब. उकडा," भागोजी म्हणाला.

"दवाखान्यात भात शिजवता तुम्ही?"

बरोबरचा कारकून फिस्सकन हसला. खुर्चीत बसलेले डॉक्टर बेहेरेही हसले. भागोजीला मात्र हसण्यासारखं काय झालं तेच कळेना. एकतीस वर्षं तो या दवाखान्यात कंपाउंडर होता. काचेच्या सिरिंजा धुणं, सुयांना तारेने साफ करणं, मग सगळं उकळणं, हे त्याचं काम. रत्नागिरीच्या बाजारात कुणालाही विचारावं.

हे काम त्याला थोरल्या डॉक्टरांनी, म्हणजे या डॉक्टरांच्या वडिलांनी शिकवलं होतं. "उकळी फुटल्यावर वीस मिनिटं, भागोजी. एकोणीस नाहीत," असं म्हणून ते मनगटावरचं घड्याळ काढून स्टोव्हशेजारी ठेवायचे. पुढे ते आजारी पडले, दवाखान्यात येईनासे झाले. घड्याळ मुलाच्या मनगटावर गेलं आणि मागच्या खोलीत वेळ सांगायला काही उरलं नाही. नवं घड्याळ मागायची भागोजीला लाज वाटली. मग त्याने डोकं चालवलं. घरचा उकडा तांदूळ आणला, थोरल्यांच्या घरी त्यांच्या खाटेपाशी स्टोव्ह मांडला आणि भिंतीवरच्या घड्याळावर तीनदा लावून पाहिला. दाणा पुरा शिजायला बावीस मिनिटं. थोरले डॉक्टर हसता हसता खोकायला लागले. "दोन मिनिटं जास्तच घेतोस की रे! घे, घे."

तेव्हापासून उकळी फुटली की पुरचुंडी पाण्यात. बाहेर काढून दाणा दोन बोटांत चिरडायचा. आत कणी लागली तर सुयांना हात लावायचा नाही. बाकावरचे पेशंटसुद्धा आतल्या दाराकडे बघून ओरडायचे, "शिजला काय रे भागोजी?" आणि तो म्हणायचा, "दम धरा, मेल्यांनो, तुमच्याच दंडात जायची हाय."

सात वर्षं हे असं चाललं. एकाला गळू आलं नाही की कुणाचा हात सुजला नाही.

मग शमीमचा हात सुजला. मिरकरवाड्यातल्या ताजबीची ही सून. ताप होता म्हणून सुई घ्यायला आली. आठ दिवसांत उजवा दंड कलिंगडासारखा झाला, चिरावा लागला. जखम भरली, पण हात अंगापासून उचलेना. तिचा नवरा युसुफ कुवेतला. त्याने तिथून थेट कलेक्टरला रजिस्टर पत्र टाकलं. ते फिरत फिरत चार महिन्यांनी या साहेबांकडे आलं आणि म्हणून आज ही तपासणी.

साहेब भांड्याच्या कडेवरून बोट फिरवत होते. पेजेचा पांढरा डाग बोटाला लागला. "भांडं अस्वच्छ," त्यांनी कारकुनाला सांगितलं. "अन्नपदार्थ आढळले. लिहा."

"साहेब, ते वेळ बघायला—"

"वेळ घड्याळात बघतात." मग त्यांनी विचारलं, "त्या बाईला सुई दिली, त्या दिवशी ती पूर्ण उकळली होती का?"

भागोजीने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर टेबलाच्या खणात काहीतरी शोधायला लागले.

तो दिवस भागोजीला पक्का आठवत होता. बाहेर पंचवीस माणसं आणि डॉक्टरांना साडेसहाला नाटकाच्या तालमीला जायचं होतं. पाण्याला नुकती उकळी आली होती. डॉक्टर स्वतः आत आले आणि चिमटा घालून सुई उचलली. "साहेब, कणी हाय अजून," भागोजी म्हणाला. "मग तू बस भात खात," असं म्हणून डॉक्टर बाहेर गेले. आणि भागोजी गप्प बसला. मालकाला दुसऱ्यांदा कोण टोकणार?

"बोला," साहेब म्हणाले.

"नाय साहेब. शिजला नव्हता."

"म्हणजे सुई अर्धवट उकळलेली होती, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. पण काढली डॉक्टरसाहेबांनी. मी बोललो होतो तेंना, कणी हाय म्हणून."

कारकुनाचं पेन थांबलं. डॉक्टरांनी खण बंद केला आणि अगदी मायेने म्हणाले, "वय झालं हो त्याचं. वडिलांच्या वेळचा माणूस, म्हणून ठेवला. बाहेर गर्दी असते, आत काय चाललंय ते मी कुठवर बघणार?"

साहेबांनी मान हलवली. 'सुई अपुरी उकळल्याचे कंपाउंडरने कबूल केले,' एवढंच लिहून घेतलं. पुढचं वाक्य लिहायला कारकुनाने पेन टेकवलं होतं, पण साहेब म्हणाले, "पुरे." मग चहा आला. चहा पिताना साहेब आणि डॉक्टर एकाच कॉलेजचे निघाले.

पुरचुंडी कचऱ्याच्या डब्यात पडली होती. साहेब गेल्यावर भागोजीने ती उचलली. डॉक्टर त्याच्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस, भागोजी. माझाही नाइलाज आहे."

त्याच्या अंगाचा नुसता जाळ झाला. तुमच्या बापाने मला एकोणीस नाही म्हणून शिकवलं, असं तोंडावर फेकावंसं वाटलं. पण त्याने पाठ फिरवली. शर्टाच्या खिशात पुरचुंडी टाकून तो बाहेर पडला आणि घरी जायचं सोडून सरळ मिरकरवाड्यात गेला.

ताजबी पडवीत सुकट निवडत होती. त्याला बघून तिने सूप बाजूला ठेवलं.

"ये भागोजी. काय बोलला साहेब?"

भागोजीने सगळं सांगितलं. डॉक्टरांनी सुई कशी उचलली तेही. शेवटी म्हणाला, "माझ्या हातची चूक नाय गो ताजबी. एवढंच सांगाया आलो."

ताजबीचा आवाज चढला नाही.

"बाजारात तीन दवाखाने हायत, भागोजी. आमी तुज्याकडंच का येत होतो? तुजा तांदूळ शिजताना दिसायचा म्हणून. त्या दिवशी शमीमला घेऊन मी बाकावर बसलेली होती. 'शिजला काय रे,' म्हणून इचारलं मी तुला. तू आतून बोललाच नाय. मला वाटलं, शिजला असंल."

ती हाक भागोजीने ऐकली होती. आज साहेबांपुढे सगळं आठवलं, नेमकी तेवढी हाक आठवली नव्हती.

"बोलला असता, तर उठून गेलो असतो आमी," ताजबी म्हणाली.

तो उठायला लागला.

"बस. दारात आलेला माणूस तसाच जात नाय आमच्याकडून. शमीम, चाय आण गो."

शमीम आतून आली. कपबशी डाव्या हातात होती, उजवा हात अंगाशी धरलेला. डावा हात पुढे करताना ती लाजेने चूर झाली. ताजबीने मान खाली घातली.

"डाव्या हातानं देतेय, राग मानू नको," ती म्हणाली. "उजवा उठत नाय तिचा."

भागोजीने दोन्ही हात पुढे केले आणि कप घेतला. चहा पार निवला तरी तो तसाच धरून बसला होता.