माणिककाकूंकडे मूल रडत नाही

शरयूच्या वर्गात फळ्यावरचा खडू ऐकू यायचा. हे ती स्वतः कधी सांगत नसे. दुसऱ्या कुणी सांगेपर्यंत थांबत असे. पुलगावच्या मुलींच्या शाळेत दोन वर्षं हंगामी काढल्यावर ती आता कुठे कायम व्हायच्या बेतात आली होती. दसऱ्यानंतर तपासनीस यायचे होते आणि त्यांच्या शेऱ्यावर सगळं ठरायचं होतं. बाळंतपणाची रजा संपायला आठ दिवस उरले होते. सोमवारी ती वर्गावर उभी राहिली नाही, तर त्या जागेसाठी मोठ्या बाईंची मॅट्रिक झालेली भाची तयारच होती.

तेव्हा तीन महिन्यांच्या लीनाला शाळेच्या वेळात कुठे ठेवायचं, हा प्रश्न शरयूपुढे होता. नवऱ्यापुढे नव्हता. कृष्णकांत डेपोत कारकून. त्याने प्रश्न नीट ऐकून घेतला, "तू बघशील ते बरोबरच असेल," असं म्हणाला, आणि पुढे दोष निघालाच तर तो कुणाचा, हेही त्याच वाक्यात उरकून टाकलं. वडनेरहून सासूबाईंचं पत्र आलं होतं: नोकरी सोडलीस, की मी मदतीला येते. म्हणजे मदतीची गरज संपल्यावर. गिरणीत पाळणाघर होतं, पण ते गिरणीत राबणाऱ्या बायांच्या मुलांसाठी. मास्तरणीच्या मुलीचा तिथे काय संबंध?

कुणीतरी नाचणगावच्या आनंदाबाईचं नाव सांगितलं. रविवारी शरयू लीनाला घेऊन तिकडे गेली. अंगणात पाच लेकरं. एक रडत होतं, दुसरं त्याच्याकडे पाहून रडत होतं, तिसरं शेळीच्या पाण्यात हात घालून खिदळत होतं. चौथ्याला कडेवर घेऊन आनंदाबाई शेंगा निवडत होती. पाचवं तिच्या लुगड्याला लोंबकळत होतं.

"फार रडतात का हो?" शरयूने विचारलं.

"रडन नाई तं काय करन, बाई? लेकरू हाय. भूक लागली का रडते, माय आठवली का रडते. आता याले पाहा, याले काईच नाई झालं, तरी रडून राह्यला."

"मग तुम्ही काय करता?"

"उचलून घेतो. तेवढ्यानं नाई भागलं तं घेऊन हिंडतो. दुसरं काय?"

शरयूने मनातल्या मनात गुण मांडले. शिस्त शून्य. स्वच्छता शंभरात दहा, तेही मन मोठं करून. जीव लावण्याचा रकाना तिच्या प्रगतिपुस्तकात नव्हता. "कळवते," असं म्हणून ती उठली, तेव्हा आनंदाबाईने लीनाच्या गालाला बोट लावलं. ते बोट धुतलेलं होतं का, हा विचार शरयूला पुलगाव येईपर्यंत पुरला.

माणिककाकूंचं घर स्टेशनामागे. रेल्वेतल्या बाबूची विधवा, शिवाय आपल्यातली. अर्धे गुण तर उंबऱ्याशीच पडले. सारवलेली जमीन, ओळीने सहा पाळणे, सहा पांढरी झबली. सकाळचे अकरा वाजले होते आणि सहाही मुलं झोपली होती.

"माझ्याकडे मूल रडत नाही," काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. "वळण लावावं लागतं, शरयू. तुला वेगळं काय सांगायचं, तू तर शिक्षिका."

शरयूला तिथल्या तिथे आपलं माणूस भेटलं. वर्गात सहा मुलींची उत्तरं शब्दाला शब्द सारखी निघाली असती, तर तिने सहाही जणींना बाकावर उभं केलं असतं. सहा मुलं एका वेळी गाढ झोपलेली पाहून तिला फक्त बरं वाटलं. सातव्या पाळण्याला जागा होती.

दोन महिने बरे गेले. लीना काकूंच्या घरात रडायची नाही. पुढेपुढे आपल्याही घरात रडेनाशी झाली. मधल्या सुट्टीत शरयू तिला पाजायला धावत जायची, तर काकू ओठांवर बोट ठेवायच्या. "झोपलेलं मूल उठवू नये गं." मग शरयू ताठरलेली छाती पदराआड दाबून शाळेत परतायची. लीना थोडी उतरली होती, पण दात यायच्या आधी मुलं उतरतातच. "गुणाची आहे पोरगी," कृष्णकांत लोकांना सांगायचा. "माझ्यावर गेली."

दसऱ्याला काकू भावाकडे आर्वीला गेल्या आणि पाळणे तीन दिवस बंद राहिले. पहिल्याच दुपारी लीनाने जो सूर धरला, तो सोडलाच नाही. अंग ताठ करायची, घामाने भिजायची, नाक गळायचं, जांभयांवर जांभया द्यायची आणि दूध पुढे केलं तर ओरडून तोंड फिरवायची. ओव्याचा शेक झाला, हिंगाचा लेप झाला, शेजारणीने दृष्टही काढली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पापणी वर करून पाहिलं.

"पोरीला कुणाकडे ठेवता?"

"माणिककाकूंकडे."

"मग पोटाचं काही नाही, बाई. हिची अफू चुकली आहे."

डॉक्टर पुढे सांगत होते: एकदम तोडू नका, जिवावर बेतेल. मी लिहून देतो तशी रोज थोडी थोडी उतरवायची, पंधरा दिवस लागतील. रडेल. त्या रडण्याला न कंटाळता तिला दिवसभर उचलून घेणारं माणूस जवळ हवं.

घरी कृष्णकांत म्हणाला, "अगं, आईने आम्हा भावांनाही दिलीच होती. आम्हाला काय झालं?"

याचं उत्तर शरयूजवळ तयार होतं, पण ते तिने गिळलं. "पंधरा दिवस रजा काढा तुम्ही."

"आणि साहेबांना काय सांगू? मुलगी रडते म्हणून?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "तपासनिसांच्या आठवड्यात? अवश्य घ्या रजा. मी भाचीला बोलावून घेते."

रविवारी शरयू पुन्हा नाचणगावला गेली. अंगणात एकही लेकरू नव्हतं. आनंदाबाई कपाशी वेचायला निघाली होती, ओटी खोचून.

"काऊन वो, हे अशी काऊन करून राह्यली?" तिने लीनाला ओढूनच घेतलं. शरयूने सगळं सांगितलं. मान खाली घालून, धडा न आलेल्या मुलीसारखं.

आनंदाबाई बराच वेळ लीनाची पाठ थोपटत राहिली. "तवा तुमी ठेवली असती तं मी ठेवून घेतली असती. आता वेचणी लागली, बाई. लेकरं ज्याची त्याले देऊन टाकली. वेचणी सोडली तं वर्षभर काय खाऊ?" मग लीनाला परत देताना म्हणाली, "तुमी मनात तवाच नाई म्हनून राह्यल्या होत्या. मले समजलं होतं. तुमी माह्याकडे पाह्यलंच नाई, शेळीकडेच पाहून राह्यल्या होत्या."

सोमवारी सकाळी काकू परत आल्या होत्या. शरयूने दारातच विचारलं, "काकू, तुम्ही लीनाला अफू देता?"

"देते की." काकूंचा आवाज तसाच, हलका. "सगळ्यांना देते. तू कधी विचारलं नाहीस."

"डॉक्टर म्हणाले, आजपासून कमी करत जायची. हे लिहून दिलंय त्यांनी."

काकूंनी कागद हातात घेतला नाही. "कमी केली की ही रडेल. ही रडली की बाकीची उठतील. सात रडणारी मुलं मी एकटी बाई कशी आवरू, तूच सांग. तसं असेल तर घरी ने बापडीला. माझी जबरदस्ती नाही."

शाळेची पहिली घंटा झाली. आज तपासनीस यायचे होते. लीनाचा आवाज बसला होता. आता ती नुसतं तोंड उघडत होती आणि शरयूच्या खांद्यात नखं रुतवत होती.

काकूंनी कोनाड्यातली डबी काढली. "आजवर मी माझ्या मनाने देत होते. आता तुला कळलंय, तर तूच सांग, म्हणजे उद्या माझ्या नावाने बोल नको. किती देऊ?"

"नेहमीएवढी," शरयू म्हणाली.

आवाज नीट फुटला नव्हता. काकूंनी पुन्हा विचारलं, आणि तिला ते दुसऱ्यांदा, स्पष्ट सांगावं लागलं.