कटलेट फुटू नये म्हणून

तात्याराव मास्तरांची जीभ ताब्यात असती, तर सुलाबाईवर ही आफत आलीच नसती. पण वालूरच्या शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांनी समतेवर भाषण ठोकलं. मी कुणाच्याही घरी खातो, भेद मानत नाही, म्हणाले. आपल्याला व्हेज कटलेट फार आवडतं, हेही जाता जाता सांगून टाकलं. झालं. मास्तर भर सभेत उठले नि म्हणाले, "मग पुढच्या खेपेला आमच्या बौद्धवाड्यात या साहेब. कटलेटच करू." बाकीचे मास्तर गालातल्या गालात हसले. साहेब येतील, फोटो काढतील, पण घास काही घेणार न्हाईत, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

आता नवऱ्याची अब्रू कटलेटवर येऊन बसली. मास्तरांनी परभणीहून एका मासिकातली कृती उतरवून आणली. तिच्यात पावाचा चुरा लिहिला होता. वालुरात पाव म्हणजे शेराचा चौथा हिस्सा, खायचा पाव आणायचा कुठून? सुलाबाईनं शिळ्या भाकरीचा चुरा घातला. कटलेट तेलात पडलं नि चहूकडं पांगलं. बेसन घातलं तर त्याचं भजं झालं.

"अवो, भजंच द्या की साहेबाला," ती म्हणाली.

"आगं, मी सभेत कटलेट बोलून बसलोय. भजं दिलं तर लोक म्हणतील, ह्यांना जमलं न्हाई."

अंड्यानं चिकटतंय, असं कुणीतरी सुचवलं. पण साहेब पडले माळकरी.

मग सुलाबाई हट्टाला पेटली. जिच्या हातची पुरणाची पोळी कधी फुटली न्हाई, तिच्या हातचं हे बटाट्याचं मेलं फुटतंय म्हणजे काय? कांदा पाणी सोडतो म्हणून कांदा काढला. वाटाणा तेलात तडकतो म्हणून वाटाणा गेला. उकडलेला बटाटा ओल धरतो म्हणून बटाटे चुलीच्या निखाऱ्यात भाजले. शेवटी शेजारच्या धनगराच्या बानूबाईनं आपल्या शनवारच्या उपासाचा साबुदाणा आणून दिला. तो जात्यावर दळून बटाट्यात मळला, शेंगदाण्याचं कूट नि मिरची घातली. कटलेट तेलात पडलं, उलटलं, खरपूस झालं, तरी कुठं फुटलं न्हाई. मास्तरांनी खात्रीसाठी एक भुईवर टाकून पाहिलं. तेही शाबूत राहिलं.

साहेब आले. दारात सगळे मास्तर नि निम्मं वालूर गोळा झालं. साहेब खुर्चीवर बसले, भिंतीवरच्या तसबिरीला लांबूनच नमस्कार केला. चहा सोडलाय, म्हणाले. बशी पुढं आली तसा त्यांचा चेहरा दुःखी झाला.

"अरेरे. आज नेमका उपास."

दारातले मास्तर एकमेकांकडं बघायला लागले. तात्यारावांची मान खाली गेली. दीक्षा घेतल्यापासून ह्या घरात कुणी उपास धरला नव्हता, पण सुलाबाईला उपासाचं सगळं ठाऊक होतं.

"चालतंय की साहेब," ती म्हणाली. "बटाटा, साबुदाणा, शेंगदाणे. कांदा न्हाई, हळद न्हाई. समदं उपासाचंच हाय."

साहेबांनी कटलेट सगळ्या बाजूंनी निरखलं. मग आवाज बारीक करून विचारलं, "आणि मळायला पाणी... कुठल्या आडाचं?"

सुलाबाईनं बशी आणखी पुढं सरकवली.

"पाण्याचा थेंब न्हाई साहेब," सुलाबाई म्हणाली. "पाणी लागलं की फुटतंय त्ये."

आता साहेबांचे सगळे रस्ते बंद झाले. त्यांनी खिशातून घडीचा रुमाल काढला, कटलेट त्यात ठेवलं नि गाठ मारायला घेतली. "काय सुबक झालंय. जीपमध्ये निवांत खातो."

सुलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा जीव काढून कटलेट घट्ट केलं, ते ह्याला गाठोडं बांधता यावं म्हणून काय? तिनं साहेबांच्या हातातून ते उचललं, बशीत ठेवलं नि मुठीनं दाबून त्याचा पार भुगा केला. मग चमचा आणून बशीत खोवला.

"आता बांधून न्यायला येत न्हाई साहेब," ती म्हणाली. "हितंच खावं लागतंय."

साहेबांनी दारातल्या गर्दीकडं पाहिलं, सुलाबाईकडं पाहिलं, आणि चमचा उचलला.