दोन घासांची देवी

मंगळवार उजाडला की सौंसरच्या त्या गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नसे. संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या घरी साक्षात देवी प्रगटली होती ना!

"पाहा भक्तहो!" तो व्यापारी, म्हणजे देवीचे दीर उत्तमराव, भोंग्यातून गर्जत. "दोन घास घेतले का माता तृप्त! वर्ष झालं, अशीच जगून राहिली! आहे कोण्या डॉक्टरजवळ जवाब?"

त्या मंगळवारी मीही गर्दीत होते. पाटावरची माता डोलू लागली. तिची बुबुळं थरथरली. बायका रडत पाया पडल्या. एकीने तर तिचे गळलेले केस प्रसाद म्हणून पदरात बांधले. मला संताप आला. ती माता म्हणजे माझी बालमैत्रीण चंद्रकला होती.

गर्दी ओसरल्यावर मी आतल्या खोलीत शिरले आणि म्हटलं, "चंद्रे!"

तिचे डोळे भरून आले. "किती दिवसांनी कोणी नावानं बोलावलं वं, प्रतिभा. पुतण्या आधी मांडीवर येऊन बसे, आता तोही दुरूनच हात जोडते. ताट समोर ठेवतात अन् दार लोटून घेतात. माह्यासोबत कोणी जेवतच नाही."

"अन् हे डोलणं?"

"मी काऊन डोलू? मले उभंच राहता येत नाही, बसल्या बसल्याही तोल जाते. पायाले जमीनच समजत नाही."

मग तिच्याकडून सारं कळलं. नवरा गेल्यावर चंद्रकलेचं वजन भलतंच वाढलं होतं. अमेरिकेतल्या भावाने तिला तिकडे नेऊन ऑपरेशन करवलं. जठर लहान केलं, आतड्याचा काही भाग वगळून ते पुढच्या आतड्याला जोडलं. म्हणून दोन घासांत पोट भरे, आणि खाल्लेलंही पुरतं अंगी लागत नसे. जीवनसत्त्वांच्या आणि लोहाच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या होत्या. उत्तमरावांनी मात्र नवसाच्या उपासाची आवई उठवली, आणि देवीच्या घरी औषध शोभत नाही म्हणून बाटल्या विहिरीत फेकल्या.

मी डॉक्टर अनुराधाबाईंना घेऊन आले. त्यांनी डोळे पाहिले, पाय तपासले.

"ब जीवनसत्त्वं संपलीत हिची. आणखी उशीर केला तर ही जगायची नाही."

"मातेले सुई? कोप होईल!" उत्तमराव आडवे आले.

"टोचा बाई," चंद्रकला म्हणाली. "कोपाचं मी पाहून घेईन."

पुढच्या मंगळवारी तिची बुबुळं स्थिर होती. भिंतीला धरून ती गर्दीसमोर उभी राहिली आणि पदर सारून पोटावरचा व्रण दाखवला.

"हे पाहा. माह्यं पोट कापून लहान केलं हाये. मी देवी नाही. मी बिमार होती."

उत्तमराव भोंगा काखेत मारून आत सटकले. कुणी ओशाळलं, कुणी चिडलं, आणि थोड्याच वेळात गल्ली रिकामी झाली. चंद्रकला आता काठी घेऊन चालते; पायांतला बधिरपणा पुरता गेला नाही. एवढ्या भक्तांपैकी एकही बाई नंतर तिची चौकशी करायला आली नाही. ते तिला फार लागलं, आणि मलाही.

लोकहो, माणूस दोन घासांवर जगताना दिसला तर त्याच्या पाया पडू नका. त्याला दवाखान्यात न्या.